शपथ एका दिवसाची, सोबत रोजची

खानदेशात दारूविरोधी कार्यक्रमांची वाण नाही. गांधी जयंतीला प्रभातफेरी निघते, गणेशोत्सवात व्याख्यान ठेवले जाते, हरिनाम सप्ताहात चार-दोन तरुण गळ्यात माळ घालतात, ग्रामसभेत माता-भगिनी दारूबंदीचा ठराव मांडतात. हे सारे आवश्यक आहे आणि अभिनंदनीयही आहे. परंतु खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो. शपथ घेतलेल्या माणसाचे हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडालेली असते, जीव कासावीस होतो. त्या वेळी त्याच्याजवळ कोण असते? पत्नी असते, म्हातारी आई असते, भेदरलेली मुले असतात. काय करावे, हे त्यांपैकी कोणालाही कधी शिकवलेले नसते. आणि ज्या कार्यकर्त्याने शपथ दिली, तो पुढच्या कार्यक्रमाच्या तयारीला लागलेला असतो.

हे कार्यकर्त्याच्या तळमळीत काही कमी असल्याचे लक्षण नव्हे. उणीव आहे ती प्रशिक्षणाची. पूर आला तर काय करायचे, हे आपण शिकतो. रक्तदान शिबिराची व्यवस्था कशी लावायची, हे शिकतो. मग घराघरांत मुक्कामाला आलेल्या या आपत्तीशी मात्र केवळ सद्भावनेच्या बळावर झुंजता येईल, असे आपण का गृहीत धरतो?

सातपुड्याने शिकवलेला धडा

या भूमीला या कामाची परंपरा आहे. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेला तळोदा परिसर पूर्वी पश्चिम खानदेशचा आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचा भाग होता. तेथे १९३०च्या दशकात आपश्री गुलाम महाराजांनी वनवासी बांधवांना दारू सोडण्याचा, स्वच्छ राहण्याचा आणि एकमेकांना 'आप' म्हणून मान देण्याचा उपदेश केला. १९३८ साली त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे चालविले. या चळवळीचे मर्म केवळ उपदेशात नव्हते. आरतीच्या निमित्ताने माणसे पुन्हा पुन्हा एकत्र येत, एकमेकांना पाहत, एकमेकांच्या आधाराने उभी राहत. व्रत एकदा घेतले जाई, पण ते टिकविणारा समाज सतत सोबत असे. पुढे १९७०च्या दशकात शहादा भागातील वनवासी भगिनींनी दारूची मडकी फोडली. तो पराक्रमही खानदेश विसरलेला नाही.

विशेष असे की, पुरते वेगळे जग असलेल्या अमेरिकेतही १९३५ साली हाच अनुभव आला. दारूने उद्ध्वस्त झालेले दोन गृहस्थ, एक शेअर बाजारातला आणि एक शल्यचिकित्सक, ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे भेटले. एकमेकांशी बोलत राहिले, तर दारूपासून दूर राहता येते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी असो वा अ‍ॅक्रनमध्ये, व्यसनी माणसाला वाचवते ती सोबत.

आजाराचे स्वरूप

परंतु सोबत करणाऱ्याला आजाराचे स्वरूप ठाऊक हवे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र शासनासाठी केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे. दारूवर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. उरलेल्यांच्या वाट्याला येतात शिव्या, मार, उपास-नवस आणि जाहिराती.

या जाहिराती आपण सर्वांनी वाचल्या आहेत : 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा'. भाजीत वा चहात कसली तरी पूड मिसळायची, एवढाच उपाय. त्या पुडीत काय आहे, हे घेणाऱ्याला माहीत नसते. डायसल्फिराम नावाचे औषध दारू सोडण्यासाठी वापरले जाते खरे; पण ते पोटात असताना माणूस दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. म्हणूनच ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन आणि त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. चोरून औषध देणारी पत्नी प्रेमापोटीच ते देते. परंतु तिला हा धोका सांगणारे गावात कोणी नसते.

दुसरा धोका अधिक भयंकर आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो. नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेली जनावरे दिसतात. गावात याला 'बाहेरचे लागले' म्हणतात आणि माणसाला भगताकडे नेतात किंवा खोलीत कोंडतात. वेळेवर उपचार न मिळाल्यास यात मृत्यू ओढवतो. म्हणजे सदिच्छेने दिलेली शपथच एखाद्याच्या जिवावर उठू शकते. प्रशिक्षित कार्यकर्ता पहिल्याच भेटीत विचारतो, 'रोज किती घेता? किती वर्षे? मागे सोडली तेव्हा झटका आला होता का?' आणि उत्तर ऐकून, गरज असेल तर, शपथेआधी रुग्णालयाची वाट धरतो.

शिकण्याजोगे बरेच

हे शिक्षण अवघड नाही, पण ते नेटाने घ्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची चाचणी कशी विचारायची, हे त्यात येते. 'तू सोड' असे न म्हणता, 'तुम्हाला स्वतःला काय वाटते?' असे विचारून त्या माणसाकडूनच बदलाची इच्छा बोलून घ्यायची, हे त्यात येते. विल्यम मिलर यांनी ही संवादपद्धती १९८३ मध्ये मांडली. आज ती जगभर शिकवली जाते. पुन्हा घसरण होण्याचे प्रसंग आधीच ओळखायचे, हेही शिकावे लागते. खानदेशात ते प्रसंग सांगायला परदेशी पुस्तक नको. आखाजी, पोळा, लग्नाची वरात, कापसाचे पैसे हाती पडण्याचा दिवस. घसरलेल्याला हिणवायचे नाही आणि पाठीशीही घालायचे नाही. एका घरचे गाऱ्हाणे दुसऱ्या ओट्यावर न्यायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपण डॉक्टर नाही, याचे भान क्षणभरही सोडायचे नाही.

महाराष्ट्रात याचा वस्तुपाठ उभा आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे बरे झालेले अनेक रुग्ण पुढे त्याच केंद्रात समुपदेशक आणि कार्यकर्ते झाले. जो स्वतः त्या गर्तेतून वर आला, त्याच्यासमोर व्यसनी माणूस खोटे बोलू शकत नाही. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे 'सहचरी' गट चालतो, कारण व्यसन एकाचे असले, तरी आजारी सारे घर पडते.

खानदेशाने पुण्याकडे केवळ रुग्ण पाठवावेत का? अहिराणीत मन मोकळे करणारा माणूस पुस्तकी मराठीपुढे गप्प होतो. पावरी बोलणारा तर अधिकच. रावेर-यावलच्या केळीच्या बागेतला मजूर पंधरा दिवसांनी पुण्याला पाठपुराव्यासाठी जाईल, ही अपेक्षाच व्यर्थ. त्याला त्याच्या बोलीत बोलणारा, त्याच्या गावी येणारा माणूस हवा. धुळे आणि जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जळगाव, अमळनेर, चोपडा येथे समाजकार्याची महाविद्यालये आहेत. साधने आहेत; त्यांना गावाशी जोडणारा दुवा नाही.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ज्याने स्वतःच्या हाताने ग्लास उचलला, त्याची काळजी समाजाने का वाहावी? परंतु मधुमेह झालेल्याला आपण जिलेबीचा हिशेब विचारून दारातून परत पाठवत नाही. शिवाय शिक्षा त्या एकट्याला होत नाही; ती त्याच्या मुलीची शाळा सुटण्यात आणि पत्नीचे मंगळसूत्र गहाण पडण्यात होते. दुसरा आक्षेप असा की, संस्कार असतील तर व्यसन लागतच नाही. संस्कारांचे कुंपण मोलाचे आहे, यात शंका नाही. पण कुंपण ओलांडून जो विहिरीत पडला, त्याला कुंपणाचे महत्त्व सांगून काय उपयोग? त्याला दोर हवा, आणि दोर टाकण्याची रीत जाणणारा हात हवा. सुसंस्कृत म्हणविणाऱ्या घरांतही बाटली शिरली आहे. तेथे अडचण एवढीच की, लोकलज्जेपायी ती कोणाला दिसू दिली जात नाही.

अज्ञानाची जागा क्रौर्य घेते, हेही विसरता कामा नये. साखळीने बांधणे, कोंडणे, मारणे यांना काही ठिकाणी उपचार म्हटले जाते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारांचा मानसिक आजारात समावेश केला असून, रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. आपल्या माणसाला कोठे दाखल करीत आहोत, ते केंद्र नोंदणीकृत आहे का, तेथे डॉक्टर येतात का, हे विचारण्याचे धैर्य कुटुंबाला देणे, हेसुद्धा प्रशिक्षित कार्यकर्त्याचेच काम.

म्हणून प्रत्येक तालुक्यातून निदान एक भगिनी आणि एक बंधू यांनी हे शिक्षण रीतसर घ्यावे. दारू सोडून काही वर्षे स्थिर राहिलेला एखादा गावकरी त्यांच्यासोबत असावा. मंदिराच्या ओसरीवर वा शाळेच्या वर्गात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी बैठक व्हावी. एकच माणूस आला तरी व्हावी. १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांक फलकावर लिहिलेला असावा. यात सत्कार नाही, छायाचित्र नाही. दहांपैकी काही जण पुन्हा घसरतील आणि त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्या पायरीवर बसावे लागेल.

संघटनेचे बळ नेमके याच प्रकारच्या कामासाठी असते. गर्दी जमविणे कोणालाही जमते. एका माणसाच्या दारी शंभराव्यांदा जाणे, हे मात्र शिकावे लागते.