शेड तापल्यावर नव्हे, तापण्याआधी

नगर जिल्ह्यात, शहरात असो वा वस्तीवर, घराला लागून पत्र्याचे शेड असतेच. घर बांधून झाले की उरलेल्या जागेत अँगल उभे करायचे, वर पत्रे टाकायचे, पुढे शटर लावायचे. सुरुवातीला तिथे गाडी उभी राहते. मग बियाण्याच्या पिशव्या, फवारणीचा पंप आणि इन्व्हर्टर येतो. पुढे कोणी शिलाई मशीन मांडते, कोणी पिठाची गिरणी बसवते, कोणी मोटारसायकली दुरुस्त करू लागते. गाडीसाठी केलेल्या जागेत माणसे दिवसभर राबू लागतात, पण छत गाडीपुरतेच राहते. एप्रिल-मे महिन्यांत त्या छताखाली दुपारी उभे राहवत नाही.

मग आपण पंखा आणतो, कूलर आणतो. माझी कळकळीची विनंती आहे की खर्चाचा हा क्रम बदला. आधी छत, मग खेळती हवा आणि सगळ्यांत शेवटी यंत्र.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. स्वच्छ दुपारी डोक्यावरचे ऊन दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट इतकी उष्णता ओतते. १० बाय २० फुटांचे शेड म्हणजे साडेअठरा चौरस मीटर छत. शेतातल्या ५ अश्वशक्तीच्या ५ मोटारी एकदम चालाव्यात, एवढी शक्ती त्या पत्र्यावर पडत असते. गंजलेला किंवा गडद रंगाचा पत्रा त्यातला मोठा भाग शोषतो आणि खाली फेकतो. शेडमध्ये डोके आधी भाजते ते हवेमुळे नाही, पत्र्यातून सरळ खाली येणाऱ्या या झळीमुळे. पंखा हवा हलवतो. झळ अडवणे त्याला जमत नाही.

म्हणून पहिले काम, पत्रा पांढरा करा. पांढरा पृष्ठभाग बहुतेक ऊन आल्या पावली परत पाठवतो आणि जी थोडी उष्णता घेतो तीही लवकर सोडतो. नवा चकचकीत पत्रा ऊन परतवतो खरा, पण घेतलेली उष्णता धरून ठेवतो, म्हणून त्यालाही हात लावता येत नाही. लोखंडी पत्रा असेल तर गंज घासा, प्राइमर मारा आणि मग ऊन परतवणारा पांढरा रंग द्या. चुना स्वस्त आहे, पण तो सिमेंटच्या पत्र्याला आणि स्लॅबला ठीक. लोखंडी पत्र्यावर तो टिकत नाही. कळीचा चुना भिजवताना पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. डोळ्यांना चष्मा हवाच. नवे शेड मारणार असाल तर निळा किंवा लाल पत्रा दिसायला छान असला तरी पांढराच निवडा.

हे काम सकाळी लवकर करा. लोखंडी पत्र्यावर नट-बोल्टच्या रांगेवरच पाय द्या, कारण खाली अँगल तिथेच असतो. सिमेंटच्या पत्र्यावर कधीही थेट चढू नका, तो न सांगता फुटतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते, त्याला भोके पाडू नका आणि तो कोरडा घासू नका. विजेची सर्व्हिस वायर छतावरून गेली असेल तर आधी वायरमनला दाखवा.

हे उपाय प्रयोगापुरते नाहीत. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेने मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावाचा आराखडा आखला आणि पुढे वस्त्यांमधली छते पांढरी करण्याचे काम त्यात आले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणले.

दुसरे काम, पत्र्यावर सावली धरा. शेडनेट आपल्याकडे नवी नाही. ती पत्र्याला चिकटवू नका, फूटभर उंचावर ताणा, म्हणजे मधून वारा जातो. पश्चिमेची भिंत आणि शटर दुपारनंतर सर्वांत जास्त तापतात. त्या बाजूला मांडव घालून दोडका किंवा कारले चढवा, नाहीतर शेवगा लावा. तो लवकर वाढतो आणि शेंगाही देतो.

तिसरे, पत्र्याखाली आणखी एक थर द्या. बांबूचे तट्टे किंवा सिमेंट बोर्ड पत्र्याच्या सहा इंच खाली बसवा आणि मधली पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवा. उसाचे पाचट आणि थर्माकोल फुकट किंवा स्वस्त मिळतात, पण जिथे वेल्डिंग, ग्राइंडर किंवा पेट्रोल आहे तिथे ते आणू नका. एक ठिणगी पुरते. तिथे बांबूचे तट्टेही नको, सिमेंट बोर्डच हवा.

आता हवा. घोडेगावला किंवा नेप्तीला कांदा नेणाऱ्या शेतकऱ्याला हे मी शिकवायला नको. कांदा चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो आणि बाजूंना फटी असतात, कारण कोंडलेल्या उष्ण हवेत कांदा सडतो. तेच शेडला लावा. गरम हवा वर जाते, म्हणून छताजवळ तिला बाहेर पडायला जाळीचे झरोके ठेवा. गार हवा आत यायला समोरच्या भिंतीत खाली जाळी ठेवा. फक्त शटर उघडे आणि मागची भिंत बंद असेल तर वारा आत शिरतच नाही. नगरचे पठार समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे रात्री हवा बरीच उतरते. रात्रभर झरोके उघडे ठेवा, सकाळी ऊन चढले की उन्हाच्या बाजूचे बंद करा.

आपल्या पूर्वजांना हे सगळे माहीत होते. माळवदाच्या घरात लाकडी कड्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा, दुपारचे ऊन खाली पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. १५८३ मध्ये पूर्ण झालेला नगरचा फराहबाग महाल तर तलावाच्या मधोमध, जाड भिंतींचा आणि उंच दालनाचा बांधला गेला. आपण पत्रा स्वीकारला तो स्वस्त आणि झटपट म्हणून. त्यात चूक नाही, पण पत्र्याकडे नसलेली जाडी आपल्याला दुसऱ्या मार्गाने भरून काढावी लागते.

एवढे झाल्यावर कूलर लावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो चांगला चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर दमटपणा कोंडतो. पाण्याची ओढ असेल तिथे भांडी धुतलेले पाणी शटरवरच्या गोणपाटावर शिंपडा. एक लिटर पाणी वाळताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता ओढून घेते.

शेडमध्ये काय ठेवता, तेही तपासा. बियाणे साठवणीत तापमान दर ५ अंशांनी वाढले की बियाण्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. घरचे सोयाबीन मेभर पत्र्याखाली ठेवून जूनमध्ये उगवणीची आशा धरू नका. ते घरात, गार कोपऱ्यात ठेवा आणि पेरणीआधी उगवण तपासा. इन्व्हर्टरची बॅटरी उष्णतेत लवकर संपते. तिचे पाणी वरचेवर बघा आणि ती कोंडलेल्या जागी ठेवू नका. इलेक्ट्रिक स्कूटर उन्हातून आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका, आधी निवू द्या. गाडीही थोडा वेळ बाहेर सावलीत उभी करून मगच आत घ्या, इंजिनची उष्णता आत कोंडत नाही. पेट्रोलचा कॅन आणि कीटकनाशके तापत्या शेडमधून आजच हलवा.

शेवटी माणसांबद्दल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा शरीर गार करत नाही, उलट तापवतो. अशा दिवशी दुपारी बारा ते चार शेडमधले काम थांबवा, ते पहाटे आणि संध्याकाळी करा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतके तापले, तर १०८ ला फोन करा. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी घाला, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

हे सगळे एकदम जमणार नाही. होळीच्या आत निदान छत पांढरे करा आणि छताजवळ दोन झरोके पाडा. ज्यांनी आपले शेड शिलाईवाल्या ताईला, मेकॅनिकला किंवा एमआयडीसीतल्या कामगाराला भाड्याने दिले आहे, त्या मालकांना माझे खास सांगणे आहे. भाडेकरू छतावर खर्च करणार नाही, कारण छत त्याचे नाही. ते तुमचे आहे, म्हणून ते गार ठेवणेही तुमचेच काम आहे. यंदाच्या पहिल्या भाड्यातून रंगाचा डबा आणा.