माझी करवत, माझी पटाशी

"बाई, करवत तुम्हालाच पाहिजे? सर नाही आले?"

निलंग्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात मला विचारलेला हा पहिला प्रश्न. दुकानदार तसा सज्जन, त्याच्या मुलीला मी पाचवीला शिकवलंय. पण बावन्न वर्षांची बाई स्वतःसाठी करवत मागते, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. शेवटी त्यानं स्वतःच उत्तर शोधलं, "शाळेतल्या प्रदर्शनाला असेल!" मीही मान डोलावली. खरं सांगायला मलाच लाज वाटली. तीच लाज आज इथं मोडते आहे.

झालं असं, की आमच्या आत्यांचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे गेले. जुना पाट बुटका, खुर्ची उंच. त्यांना हवा होता मधल्या उंचीचा, देवासमोर बसायचा पाट. तालमीसारखा भक्कम. प्लास्टिकचं स्टूल आणलं तर म्हणाल्या, "ह्याच्यावर बसून देवाचं नाव घ्यायला लागलं की भ्या वाटतंय." गल्लीतल्या सुतारमामांचं वय झालं, त्यांची मुलं पुण्यात फर्निचरच्या कामाला. एवढ्याशा कामाला दुसरं कुणी येईना. आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सागवानी तुळईचे तुकडे तसेच पडून होते.

ही तुळई आमच्या जुन्या वाड्याची. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून दमलेली गावं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं एका रात्रीत होत्याची नव्हती झाली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्याकडं वाड्याच्या भिंतींना भेगा गेल्या, माणसं वाचली. त्या भूकंपात बऱ्याच ठिकाणी एक गोष्ट दिसली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती ढासळल्या, वरचं मातीचं माळवद अंगावर आलं, पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा कित्येक घरांत उभाच राहिला होता. तरी लोकांच्या मनात बसली ती जुन्या घराची धास्ती. सगळ्यांना स्लॅब हवा झाला. आम्हीही वाडा पाडला. लाकूड कुणी विकलं, कुणी चुलीत घातलं. आत्यांनी तेवढी एक तुळई हट्टानं ठेवून घेतली होती. तिच्याखाली त्या नवी नवरी म्हणून आल्या होत्या ना!

तर ठरवलं, पाट मीच करायचा. आणि इथंच पहिली चूक केली. मोबाइलवर व्हिडिओ बघून तीस नगांचा संच मागवला. ड्रिल मशीन, तऱ्हेतऱ्हेचे पाते, पटाश्या, सगळं एका चकचकीत पेटीत. किंमत बघून हरखले होते. पहिल्याच दिवशी ड्रिलमध्ये पदर गुंतता गुंतता वाचला. तिसऱ्या दिवशी पटाशीची धार दुमडली. मी जोर लावला, ती सटकली आणि लाकूड धरलेल्या डाव्या हातात घुसली. तीन टाके पडले. "सांगत होतो," आमचे हे म्हणाले. काय सांगत होते ते मात्र मला आठवेना.

हात बरा झाल्यावर सुतारमामांकडं गेले. त्यांनी पेटी उघडली, एकेक नग हातात घेऊन परत ठेवला आणि म्हणाले, "बाई, ह्यात अवजार एकबी न्हाई. ह्यो बाजार हाय." मग त्यांनी मला पाच-सहा वस्तू सांगितल्या. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाच्या मनात ही हौस दडली असेल, तर तीच यादी माझ्या अनुभवाची भर घालून देते.

आधी मोजायची अवजारं. एक टेप, एक टोकदार पेन्सिल आणि सहा इंची गुण्या. गुण्या दुकानातच तपासून घ्या. सरळ कडेला लावून रेघ ओढा, मग तोच उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर तो परत ठेवा, कितीही चकचकीत असला तरी. गुण्याच वाकडा असेल तर पुढचं सगळं वाकडंच होणार.

मग करवत. सुतारांची दोन फुटी करवत आपल्याला उगाच दमवते. सोळा-अठरा इंची, इंचाला दहाच्या आसपास दात असलेली पुरे. मूठ हातात धरून बघा. बहुतेक मुठी पुरुषांच्या पंजाच्या मापाच्या असतात, त्यामुळे हा आग्रह धरायलाच हवा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. साडी घेताना नाही का तो वीस घड्या मोडत?

दोन पटाश्या, एक अर्ध्या इंचाची, एक इंचाची. संच नको, दोनच, पण चांगल्या पोलादाच्या. त्यांच्याबरोबर धार लावायचा दगड घ्यायलाच हवा. नवी पटाशी धार लावूनच वापरायची असते, हे मला टाके पडल्यावर कळलं. बोथट अवजार जास्त धोक्याचं, कारण आपण जोर लावतो. खरं तर हे आपल्याला कुणी शिकवायला नको. विळीची धार गेली की टोमॅटो चेंगरतो आणि बोट कापतं, हे आपण लहानपणापासून जाणतो.

एक तीनशे ग्रॅमच्या आतबाहेरची हातोडी, पटाशीवर मारायला एक लाकडी मोगरी आणि लाकूड घट्ट धरायला दोन शिकंजे. शिकंजे म्हणजे आपला तिसरा-चौथा हात. ते असते तर माझा डावा हात पटाशीच्या वाटेत आलाच नसता. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागं, हा नियम पाटीवर लिहून ठेवा. रंधा पहिल्या दिवशी नको. तो लावायला, त्याचं पातं बसवायला हात मुरावा लागतो. ड्रिल मशीन तर त्याहूनही नंतर. ते घ्याल तेव्हा पदर खोचा, केस बांधा, बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवा. फिरत्या यंत्राला सौभाग्य कळत नाही.

जुनं लाकूड कापण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आमच्या तुळईत चार जुने खिळे निघाले. एकावर जरी करवत गेली असती तरी दात गेले असते.

एवढं सगळं फार महागात पडत नाही. म्हणजे एका बऱ्यापैकी साडीच्या पैशात.

पण खरी अडचण पैशाची नाहीच. अडचण आहे ती प्रश्नांची. "बायकांच्या मनगटात तेवढा जोर असतो का?" असं विचारणाऱ्यांनी कधी जात्यावर दळण दळलं होतं का? आणि मामांनी मला करवत जोरानं नाही तर लयीनं चालवायला शिकवली. आपले जुने सुतार जमिनीवर बसून, पायानं लाकूड दाबून काम करत. मी तशी बसले तेव्हा मामा हसले, "हे तर तुम्हाला येतंय की!" येणारच. विळीच्या पाटावर पाय दाबून आमच्या पिढ्या गेल्या!

दुसरा प्रश्न मला जास्त टोचला. "मग विकणार का?" पुरुष गाणी ऐकतो, क्रिकेट बघतो, त्याला कुणी विचारत नाही की यातून काय मिळतं. बाईची हौस मात्र पापड-लोणच्यासारखी उपयोगी किंवा विकाऊ असली तरच चालते. मीही सासूबाईंच्या पाटाचं निमित्त शोधलंच ना? निमित्ताशिवाय करवत घ्यायची हिंमत मला तरी झाली नसती, हे कबूल करते.

आमच्या शाळेत मुलींना शिवण होतं, मुलांना नव्हतं. स्वीडन, फिनलंडच्या शाळांत लाकूडकाम हा विषय मुलगे आणि मुली दोघांनाही असतो. लांब कशाला जा, 1937 साली वर्ध्यात मांडलेल्या गांधीजींच्या नई तालीममध्येही हातांनी काम करून शिकण्यावरच भर होता. आणि आपल्याच भागात भूकंपानंतर 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेमुळे गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. भूकंपात टिकणारं घर कसं बांधायचं, जुनं घर कसं मजबूत करायचं, हे त्यांनी शिकून घेतलं आणि घरोघरी समजावून सांगितलं. घराचा सांगाडा समजायला बाईचं डोकं चालतं, मग पटाशी धरायला हात का चालू नये?

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. आपली ही हौस म्हणजे कुणाचं तरी पिढीजात पोट आहे. मामांच्या वाडवडिलांनी बलुत्याच्या चार पायल्या धान्यावर गावाची औतं, तिफणी सांभाळल्या. तेव्हा "मला येतं आता" म्हणून सुताराची मजुरी घासाघीस करून पाडायची नाही. उलट, स्वतः एक सांधा बसवून बघितला की त्या मजुरीची खरी किंमत कळते. मामांनी शिकवणीचे पैसे घ्यायला नकार दिला. मी ते त्यांच्या घरी, मामींच्या हातात देऊन आले.

पाट झाला. सव्वा महिना लागला. एक पाय कणभर आखूड राहिला. आत्यांनी बसून बघितलं, थोडं डुलून बघितलं. मग तुळईच्या जुन्या काळ्या डागावरून हात फिरवत म्हणाल्या, "डुलतंय जरा. पण आपल्या घरचं हाय."

यंदाच्या खंडेनवमीला यांनी नेहमीसारखी गाडी धुतली, हार घातला. शेतातली अवजारं पुसून मांडली. दरवर्षी मी ताट घेऊन मागं उभी असते. या वेळी मी आत गेले, माझी करवत, गुण्या आणि दोन पटाश्या आणून त्या रांगेत ठेवल्या. हे क्षणभर बघत राहिले. मग सरकून त्यांनी जागा करून दिली.

तुमची अवजारं कोणती, मैत्रिणींनो? आणि पुढच्या खंडेनवमीला ती कुठं असतील?