छत्तीस चौकटींची शिस्त

हौशी छायाचित्रकाराने कॅमेरा कपाटात ठेवून खिशातल्या स्मार्टफोनवर भिस्त ठेवली, की जाणकारांच्या कपाळाला आठी पडते. ही आठी आम्हांला अनाठायी वाटते. मात्र तिच्यामागची धास्ती सर्वस्वी निराधार आहे, असेही म्हणवत नाही.

प्रथम आक्षेप पाहू. सारे काही यंत्रच करते, मग कला ती कोठे उरली, असे विचारले जाते. परंतु तंत्राचा भार यंत्रावर सोपवण्याची प्रक्रिया जुनी आहे. कोडॅकने १९०० साली अवघ्या १ डॉलरला विकायला काढलेला ‘ब्राउनी’ कॅमेरा मुलांनाही वापरता येई. शटर किती वेगाने मिटावे, हा हिशेब आज फोन करतो. चौकटीत काय घ्यावे आणि मुख्य म्हणजे काय वगळावे, हे अजूनही माणसालाच ठरवावे लागते.

शिवाय या स्थित्यंतराने एक अन्याय काहीसा दूर केला. रोल महाग, तो धुणे-छापणे महाग. साहजिकच आपल्याकडच्या बहुतेक घरांत कॅमेरा कर्त्या पुरुषाच्या हाती असे आणि तो निघे मुंजीला, लग्नाला, सहलीला. स्त्री चौकटीत दिसे, कॅमेऱ्यामागे क्वचितच. ओट्यापाशी चाललेले काम, दुपारची निजानीज, वाळवणाची गच्ची हे सारे त्या अल्बमांत अभावानेच आढळते. आज ते टिपले जाते, आणि बरेचदा टिपणारी ती स्वतःच असते.

मग धास्ती कशाची? फोन अनेकदा एकाच क्षणी अनेक प्रतिमा घेऊन त्यांची एक प्रतिमा रचतो. चेहऱ्यामागची धूसरता पुष्कळदा भिंगाची नसून गणिताची असते. अर्थात डार्करूममध्येही हातचलाखी होतीच. आमच्या मते खरी हानी आहे ती निवडीची. ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये साधारणतः ३६ चौकटी असत. ती टंचाईच संपादकाचे काम करी. आता हजारो प्रतिमा साठतात, आणि साठवणे म्हणजेच जतन करणे, असा आपला समज होतो. जुनी निगेटिव्ह उजेडासमोर धरली तरी माणूस ओळखू येतो. बंद पडलेल्या फोनमधले, पासवर्डाआडचे आजोबा नातवंडांना कसे दिसावेत?

मराठीत चित्रही ‘काढतात’ आणि फोटोही ‘काढतात’. आत असलेले बाहेर आणण्याचा अर्थ या क्रियापदात आहे. नुसते ‘क्लिक’ केल्याने ते काम पुरे होत नाही. म्हणून हौशी मंडळींनी फोन खुशाल वापरावा. परंतु वर्षाकाठी ३६ छायाचित्रे निवडावीत, कागदावर छापून घ्यावीत आणि प्रत्येकाच्या पाठीवर तारीख, स्थळ व माणसांची नावे लिहावीत. कॅमेरा बदलला तरी एवढी शिस्त पाळायला कोणाची आडकाठी नाही.