नोकरी की अनुदान?

आमच्या गल्लीतील एका अपंग मित्राला गेल्या वर्षी छापखान्यात नोकरी चालून आली. त्याने ती नाकारली. आळशी म्हणून सारे हसले, मीही हसलो. पुढे कळले, भीती कामाची नव्हती. त्याला संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळते आणि त्या योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. पगारामुळे अनुदान थांबले आणि चार महिन्यांनी काम सुटले, तर? पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा अर्ज, पुन्हा मंजुरीची वाट! हा हिशेब कचेरीत त्याला कोणी समजावून सांगितला नाही.

२०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या, हे चांगलेच. पण छापखान्याच्या दारात उभ्या असलेल्याला सल्ला कोण देणार? अमेरिकेत १९९९ च्या कायद्याने अशा सल्ल्यासाठी संस्थांना पैसा दिला. तेथे अपंगत्वाचा विमा मिळणाऱ्याला ९ महिने काम अजमावता येते, भत्ता चालूच राहतो. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, मान्य. पण तहसील कचेरीत आठवड्यातून एक दिवस नियम जाणणारा माणूस बसवायला फारसा खर्च नाही. तोवर आपल्या समाजशास्त्राच्या वर्गाने हे नियम शिकून घ्यावेत, असे मला वाटते. सोमवारी मी त्या मित्राबरोबर कचेरीत जाणार आहे. कोणी येणार का?