हक्काचे पाहुणे

आमच्या आजोबांचे एक ठाम मत होते. घरात चूल पेटत असताना जो माणूस बाहेर जेवायला जातो, त्याचे एक तर बायकोशी भांडण झालेले असते, नाही तर लवकरच सावकाराशी व्हायचे असते. आजोबा जाऊन कित्येक वर्षे झाली, चूल जाऊन तर त्याहून अधिक. पण हॉटेलाची पायरी चढताना मी अजून एकदा मागे वळून पाहतोच.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमची चौकडी परिचयाची आहे. गणितवाले, इतिहासवाले, वनस्पतिशास्त्राच्या बाई आणि मराठीचा मी. एकाच स्टाफरूममध्ये एकाच गळक्या खिडकीखाली आम्ही बरीच वर्षे काढली आहेत. मैत्रीला एवढे कारण पुरते.

गेल्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्यात घाम पुसत तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे मानधन सप्टेंबर संपता संपता हाती पडले. या पैशाचे वैशिष्ट्य असे की, तो इतक्या उशिरा येतो की घरच्या अंदाजपत्रकात त्याला जागाच नसते. आणि इतका थोडा असतो की त्यातून घरात काही वस्तू घ्यावी म्हटले तर तीही येत नाही. तेव्हा तो खाऊन टाकणे हेच शहाणपणाचे.

“आज चायनीज,” गणितवाले म्हणाले.

“स्टेशनबाहेरच्या गाडीवर नको,” बाई म्हणाल्या. “तिथली ती लालभडक शेजवान चटणी पाहिली की मला प्रयोगशाळेतली बाटली आठवते.”

इतिहासवाल्यांना माझगावच्या बाजूला एका गल्लीतले एक जुने चिनी हॉटेल ठाऊक होते. स्वस्त, स्वच्छ आणि मुख्य म्हणजे गर्दी नसलेले. शनिवारी संध्याकाळी आम्ही तेथे पोचलो.

आठ टेबले, रेक्झिनच्या खुर्च्या, छताला कागदाचे दोन लाल कंदील. गल्ल्यामागच्या भिंतीवर लालबुंद चेहऱ्याचा, लांब दाढीचा कोणी वीरपुरुष तसबिरीतून आमच्याकडे रोखून पाहत होता. त्याच्या शेजारीच आपला गणपती. दोघांपुढे मिळून एकच उदबत्ती. गल्ल्यावर सत्तरीचे एक गृहस्थ होते. अर्ध्या बाह्यांचा सदरा, दोरी लावून गळ्यात अडकवलेला चष्मा. चेहरा चिनी.

गणितवाल्यांनी मेन्यू उजवीकडून डावीकडे, म्हणजे किमतीकडून पदार्थाकडे वाचला. दोन मंचाव सूप, ‘वन बाय टू’ करून. एक हक्का नूडल्स, एक फ्राइड राइस, बाईंसाठी व्हेज मंचुरियन आणि आम्हां पाप्यांसाठी चिली चिकन. मग त्यांनी काड्या मागवल्या. पैसे देऊन आलो आहोत तर सगळे रीतसर व्हायला हवे, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी दोन काड्यांमधल्या कोनाचा पुरेपूर अभ्यास केला आणि एकही नूडल तोंडापर्यंत पोचू दिली नाही.

सूप येताच मी माझे व्याख्यान सुरू केले. मराठीच्या प्राध्यापकाला वाफाळलेला पदार्थ समोर आला की शब्दांच्या व्युत्पत्ती सुचतात. ‘चहा’ हा शब्दच मुळात चीनचा. बरणी चिनीमातीची. कालिदासाच्या शाकुंतलात राजाच्या ध्वजाला चीनांशुक, म्हणजे चिनी रेशीम. सारांश, चीन आपल्या घरात केव्हाचा येऊन बसला आहे.

“आणि चिनी गुलाब?” बाईंनी विचारले.

“तोही.”

“तो दक्षिण अमेरिकेतला,” बाई शांतपणे म्हणाल्या. “चिनी नव्हे, आणि गुलाबही नव्हे.”

इतिहासवाल्यांनी हसून बाईंच्या पुढ्यातल्या बशीकडे बोट दाखवले. “मग हे मंचुरियनसुद्धा त्याच जातीचं. मांचुरियात कुणी याचं नावही ऐकलेलं नसेल. १९७५ साली आपल्या मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, नेल्सन वाँग नावाच्या आचाऱ्यानं पहिल्यांदा चिकन मंचुरियन केलं असं सांगतात. तोही कोलकात्यात जन्मलेला. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपलीच फोडणी. फक्त गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर.”

“म्हणजे हा पदार्थ मुंबईचा?” गणितवाल्यांचा आवाज फसवणूक झाल्यासारखा होता.

“साहेब, सूप गार होतंय,” मागून आवाज आला. “आधी खाऊन घ्या, चर्चा मग.” गल्ल्यावरचे गृहस्थ उभे होते. त्यांनी गणितवाल्यांच्या पुढ्यात एक काटा ठेवला. “आणि हा घ्या. मी स्वतः वरणभात हातानंच खातो.”

मी भारावून म्हणालो, “वा! तुम्ही मराठी फार छान बोलता हो!”

“तुम्हीपण, साहेब,” ते म्हणाले.

आमच्या टेबलावर जो हशा पिकला त्यात मीही सामील झालो. वीस वर्षे मराठी शिकवतो आहे, पण हे प्रशस्तिपत्र प्रथमच मिळाले. एवढ्यावर मी थांबायला हवे होते. पण माणसाचे गाव विचारल्याशिवाय आपल्याला ओळख पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

“आपलं गाव कुठलं?”

“माझगाव.”

“तसं नव्हे. म्हणजे मूळचे कुठले?”

क्षणभर ते माझ्याकडे पाहत राहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. पुष्कळ वेळा विचारलेला प्रश्न पुन्हा एकदा ऐकताना जो थकवा येतो, तो होता.

“तुम्ही मूळचे कुठले, साहेब?”

“आम्ही संगमेश्वराकडचे. आजोबा गिरगावात आले छापखान्यात नोकरीला.”

“माझेही आजोबाच आले. आधी चीनमधून कोलकात्याला. तिथून वडील मुंबईला. मी जन्मलो तो माझगावात.” ते खुर्ची ओढून टेकले. “आता सांगा, तुम्हाला कुणी विचारतं का, मूळचे कुठले म्हणून? आणि विचारलंच तर संगमेश्वर ऐकल्यावर पुढे काही विचारतं?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. विषय बदलावा म्हणून मी नूडल्सच्या बशीकडे वळलो. “हे ‘हक्का’ म्हणजे काय?”

“आम्हीच हक्का. आमच्या जमातीचं नाव. अर्थ, पाहुणे. आमचे लोक फार पूर्वी चीनच्या उत्तरेकडून दक्षिणेत गेले. तिथल्या लोकांनी नाव ठेवलं, पाहुणे. शेकडो वर्षं झाली, नाव तेच. चीनमध्येही पाहुणे, इथंही पाहुणे.” ते हसले. “तुमच्या मराठीत ‘हक्क’ म्हणजे वेगळंच काहीतरी ना?”

दोन शब्दांतले साम्य केवळ उच्चाराचे आहे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, हे मला ठाऊक होते. ते सांगावेसे मात्र वाटले नाही.

इतिहासवाले सावकाश म्हणाले, “अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तुमची माणसं इथं आहेत. टाँग अछूनं कोलकात्याजवळ साखरेचा कारखाना काढला, त्याच्या नावाचं अछिपूर अजून आहे. आणि इथं माझगावातलं तुमचं देऊळ १९१९ सालचं.”

“बरोबर. हा तिथलाच देव,” त्यांनी तसबिरीकडे पाहिले. “कुआन कुंग. शब्दाला जागणारा म्हणून आम्ही त्याला मानतो.” मग थोडे थांबून, “तुम्ही इतिहासवाले. मग देवळीही ठाऊक असेल.”

इतिहासवाल्यांनी मान हलवली. मला देवळी ठाऊक होती ती इंग्रजांच्या काळातली. राजस्थानातल्या त्या छावणीत कॉम्रेड डांगे, जयप्रकाश नारायण यांच्यासारखे राजबंदी डांबले होते, एवढेच. १९६२ च्या युद्धानंतर त्याच छावणीत सुमारे तीन हजार चिनी वंशाची माणसे आपण ठेवली, त्यांतली पुष्कळशी इथेच जन्मलेली होती आणि काही जण तेथे वर्षानुवर्षे राहिले, हे मला वयाच्या चाळिशीनंतर, नूडल्स खाताना कळले.

“माझी मावशी आसामात माकुमला दिली होती,” ते सांगू लागले. “नोव्हेंबरात पोलीस आले. थोडे कपडे घ्या म्हणाले. मग आठवडाभर आगगाडी. चार वर्षांनी सुटली तेव्हा घर लिलावात गेलेलं. आम्ही मुंबईचे सुटलो. वडिलांना चौकीवर हजेरी द्यावी लागे, शहराबाहेर जायला परवानगी लागे, एवढंच.”

‘एवढंच’ हा शब्द त्यांनी अगदी सहज उच्चारला.

“तेव्हा मी आठ वर्षांचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला आठवते ती दिवाळी. २० ऑक्टोबरला लढाई सुरू झाली आणि आठवड्याभरात दिवाळी आली. आमच्या चाळीत दर वर्षी सगळ्यांकडून फराळाचे डबे यायचे. डबा रिकामा परत करायचा नाही, हे आई इथंच शिकली होती. म्हणून ती आधीच तिळाची बिस्किटं करून ठेवायची, प्रत्येक डब्यात घालायला. त्या वर्षीही तिनं केली. दोन डबे भरून.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “डबेच आले नाहीत. शेजारी वाईट नव्हते, साहेब. घाबरले असतील. मी आणि भावानं ती बिस्किटं आठ दिवस खाल्ली. आई काही बोलली नाही. मला मात्र तेव्हा मजा वाटली होती, एवढी बिस्किटं आपल्याला एकट्याला म्हणून.”

तेवढ्यात कोणी गिऱ्हाईक आले आणि ते गल्ल्याकडे गेले. आम्ही चौघेही निमूट जेवलो. जेवण उत्तम होते, हे येथे नमूद करायलाच हवे. नूडल्स मोकळ्या, आल्याचा स्वाद नेमका.

बिल आले नऊशे साठ रुपये. आमच्या गणितवाल्यांची ख्याती अशी की, शाकाहारी माणसावर चिकनचा बोजा पडू नये म्हणून ते रुपया-रुपयाची स्वतंत्र मांडणी करतात. त्या दिवशी त्यांनी कागद-पेन्सिल काढलीच नाही. एकट्याने पैसे दिले आणि बाहेर पडले.

रात्री घरी सगळा वृत्तांत सांगितला. बायकोने मंचुरियनबद्दल काही विचारले नाही. ती म्हणाली, “मूळचे कुठले, हे दुसऱ्यांदा कशाला विचारलंत? एकदा माझगाव सांगितलं होतं ना त्यांनी?”

धनत्रयोदशीला तिने स्टीलचा डबा भरला: चकल्या, चिवडा, करंज्या, बेसनाचे लाडू. झाकणावर आमच्या घराण्याचे नाव कोरलेले आहे. डबा गल्ल्यावर ठेवताना मला उत्तरपत्रिका दाखवायला आलेल्या विद्यार्थ्यासारखे वाटत होते. त्यांनी झाकण उघडले, आत पाहिले, बोटाने एकेक पदार्थ मोजल्यासारखे केले.

“अनारसे नाहीत?”

“नाहीत,” मी ओशाळून म्हणालो. “अलीकडे कुणी घरी करत नाही.”

“आमच्या चाळीत करायचे,” ते म्हणाले आणि डबा जपून गल्ल्याखाली ठेवला.

भाऊबीज झाल्यावर चार दिवसांनी त्या बाजूला काम होते. मला पाहताच त्यांनी कागदात गुंडाळलेला डबा पुढे केला. हाताला जड लागला. डॉकयार्ड रोडला गाडीत बसल्यावर मी झाकण किलकिले करून पाहिले. काठोकाठ तिळाची बिस्किटे होती, अजून थोडी कोमट.

घरी बायकोने एक बिस्किट खाल्ले, दुसरे खाल्ले आणि डबा धुऊन पालथा घातला. “पुढच्या वर्षी अनारसे करायला हवेत,” एवढेच म्हणाली.

तिला अनारसे येत नाहीत. मला तर नाहीच नाही. शेजारच्या आजींना विचारून कृती लिहून घेतली आहे: तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे तांदूळ भिजत पडलेले असतील.