प्राणवायूची मात्रा

सोनईच्या शिवारात गळीत हंगाम आणि थंडी बरोबरच येतात. कुठेतरी पाचट पेटलेले असते, धूर जमिनीलगत रेंगाळतो आणि वडीलधाऱ्यांचा जुना खोकला उसळी घेतो. त्यांतील कित्येकांस सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा विकार, जडलेला असतो. त्यासाठी बिडीच ओढावी लागते असे नाही. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या आजींनाही तो होतो.

२०२१ च्या करोना लाटेत ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला आणि ‘९५ च्या खाली धोका’ हे मनात पक्के बसले. सीओपीडी बळावलेल्या रुग्णास मात्र हाच धडा घातक ठरू शकतो. यंत्रावर ८६ दिसताच मुलगा घाबरून प्राणवायूचा प्रवाह पूर्ण वाढवतो. आकडा ९८ होतो, घरच्यांना हायसे वाटते. काही वेळाने वडिलांचा डोळा लागतो. ती झोप नसून गुंगी असू शकते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागलेला असतो.

असे का व्हावे? फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही, तिकडचा रक्तप्रवाह शरीर स्वतःच आवरून धरते. प्राणवायूचा मारा झाला की हा आवर सुटतो, रक्त त्या निकामी भागाकडे वळते आणि दूषित वायू बाहेर पडत नाही.

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथे रुग्णवाहिकेतून नेलेल्या ४०५ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. भरमसाट प्राणवायू दिलेल्यांत शंभरी सुमारे ९ दगावले. ८८ ते ९२ ही पातळी राखून मोजका दिलेल्यांत ४. औषध तेच, फरक केवळ मात्रेचा!

म्हणून प्राणवायू नाकारावा असे मुळीच नाही; ८८ च्या खाली तो हवाच, आणि चालू असलेला एकाएकी काढणेही धोक्याचे. नळीतून मिनिटाला एक-दोन लिटर अनेकदा पुरेसे होते. रुग्णालयात ठरावीक प्रमाण देणारे व्हेंच्युरी मुखवटे असतात. निळा २४ टक्के, पांढरा २८ टक्के. वायू साचलाच, तर बायपॅप यंत्र श्वासाला आधार देते.

नगरला नेताना रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यास ‘सीओपीडी आहे’ हे आधीच सांगावे. डॉक्टरांकडून रुग्णाची पातळी लिहून घेऊन तो कागद फाइलीत वरच ठेवावा. आणि प्राणवायू सुरू असलेल्या खोलीत निरांजन वा उदबत्तीदेखील लावू नये.