धड पंखांना टांगलेले असते

विमानाचे मॉडेल पूर्ण होत आले की घरातल्या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: पंख कधी बसणार? पंखांवाचून ते धड म्हणजे नुसती लांबोडकी पेटी दिसते. म्हणून महिना-दीड महिना चिकाटीने काम केलेला मुलगा नेमका या शेवटच्या टप्प्यावर घाई करतो. दोन्ही पंख कसेबसे चिकटवतो, चार रबर बँड ताणतो आणि मैदानाकडे धावतो. विमान सरळ उडते तोवर सगळे ठीक असते. पहिल्या जोरदार वळणात मधला सांधा दुमडतो आणि महिनाभराच्या मेहनतीची काड्यांची मोळी होते. खाली कोणी उभे असेल तर प्रकरण तेवढ्यावरही थांबत नाही.

रेडिओच्या इशाऱ्यावर उडणाऱ्या विमानांचा छंद बेंगळुरूच्या मुलांना लागला तर नवल नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये इथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. १९४२ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला. जक्कूरची धावपट्टी आहे, येलहंका इथे १९९६ पासून ‘एअरो इंडिया’चे प्रदर्शन भरत आले आहे. घराच्या गच्चीवरून विमाने पाहत वाढलेल्या मुलाला आपलेही एक असावे असे वाटणारच. पण ते हवेत टिकणार की नाही, हे बरेचसे पंख कसे बसवले यावर ठरते.

ओझे कुठे पडते?

पंख धडाला चिकटवायचे असतात, असे सगळेच बोलतात. जमिनीवर ते खरेही आहे, कारण तिथे धड चाकांवर उभे असते आणि पंखांचे वजन धड पेलते. जमीन सुटली की गोष्ट नेमकी उलटते. हवा उचलते ती पंखांना. धड, बॅटरी, मोटर हा सगळा संसार पंखांना टांगलेला असतो. म्हणजे मधला सांधा हा विमानाचा आढा झाला. घराचा आढा कोणी नुसत्या डिंकावर सोडत नाही.

शिवाय हे ओझे कायम सारखे नसते. दीड किलोचे मॉडेल सरळ उडताना पंखांवर दीड किलोच भार असतो. तेच साठ अंशात कलून, उंची न सोडता वळले की भार दुप्पट, म्हणजे तीन किलो होतो. खाली सूर मारून झटक्याने वर काढले तर तो चौपटीवरही जाऊ शकतो. टेबलावर भक्कम वाटणारा सांधा हवेत दगा देतो तो यामुळे.

पंखाच्या लांबीवर हा भार कसा वाटला जातो, याचे गणित जर्मनीतल्या गॉटिंगेनचे प्राध्यापक लुडविग प्रांटल यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडले. साध्या शब्दांत सांगायचे तर भार मध्यावर जास्त असतो आणि टोकाकडे कमी होत होत शून्यावर येतो. याच प्रांटलांच्या हाताखाली कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे ते बेंगळुरूच्या कारखान्यात आले. १९४१ मध्ये त्यांच्या आराखड्यावर दहा आसनी ग्लायडर तयार झाले, आणि ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांच्याच चमूचे एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान प्रथम आकाशात गेले. भारतात आराखडा होऊन कारखान्यात नियमित तयार झालेले इंजिनाचे ते पहिले विमान. हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी उड्डाणाचा श्रीगणेशा त्यावर गिरवला. घरातल्या टेबलावरच्या मॉडेलला नियम लागू होतात ते हेच. फक्त आकडे लहान असतात.

दोन अर्ध्या एकत्र आणताना

शिकाऊ मॉडेलचे पंख सहसा दोन तुकड्यांत येतात आणि मधोमध जोडायचे असतात. ते एका सरळ रेषेत जोडायचे नाहीत. दोन्ही टोके थोडी वर उचललेली हवीत. अशा बैठकीमुळे एका बाजूला कललेले विमान आपोआप सावरू लागते. समजा, पंखांचा एकूण पसारा दीड मीटर आहे आणि प्रत्येक बाजू पाच अंश उचलायची आहे. तर एक अर्धा पंख टेबलावर सपाट ठेवून त्यावर वजन ठेवावे आणि दुसऱ्याच्या टोकाखाली १३ सेंटिमीटर उंचीची पुस्तकांची चळत रचावी. कोन मोजण्याचे साधन नसले तरी काम नेमके होते.

दोन अर्ध्यांच्या मध्ये प्लायवुडची पट्टी किंवा धातूची नळी येते. खरी ताकद तिची. गोंद तिला फक्त जागेवर धरून ठेवतो. आधी गोंदाशिवाय पट्टी घालून पाहावी. ती सैल असेल तर फट गोंदाने बुजवू नये, नवी पट्टी कापावी. जोडण्यासाठी दोन भाग मिसळून करायचा एपॉक्सी घ्यावा आणि तोही सावकाश वाळणारा. पाच मिनिटांत घट्ट होणारा घेतला तर पंख वाकडा बसल्याचे लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. पंख थर्मोकोलचे असतील तर झटपट चिकटणारा साधा गोंद लावूच नये. तो थर्मोकोल विरघळवून टाकतो.

सांधा रात्रभर तसाच राहू द्यावा. इथे आई-आजीची मदत घ्यायला हरकत नाही. लोणच्याच्या बरणीला सारखा हात लावायचा नसतो, हे त्यांच्याइतके कोण सांगू शकेल?

सुतळीचे माप

आता पंख धडावर ठेवायचे. डोळ्यांना सरळ दिसते त्यावर विश्वास ठेवू नये. शेपटीच्या टोकाला मधोमध टाचणी टोचून तिला सुतळी बांधावी. ती ताणून डाव्या पंखाच्या टोकापर्यंत न्यावी, तिथे गाठ मारावी आणि तीच गाठ उजव्या टोकाशी जुळते का ते पाहावे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असला तरी पंख किंचित फिरवून तो काढावा. मग दहा पावले मागे जाऊन पाठीमागून पाहावे. शेपटीची आडवी पट्टी समतल असताना पंखांची दोन्ही टोके सारख्या उंचीवर दिसली पाहिजेत.

तिसरे माप पंखाच्या कलाचे. पंखाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा जरा वर असते. हा कल एखाद-दुसऱ्या अंशाचाच असतो. २५ सेंटिमीटर रुंदीच्या पंखाला एक अंश म्हणजे साधारण साडेचार मिलिमीटर. बैठकीत अडकलेला गोंदाचा एक गोळाही एवढा फरक पाडू शकतो, आणि मग विमान सारखे नाक वर काढते नाहीतर खाली घालते. पोराला वाटते, आपल्यालाच उडवता येत नाही.

तुटायचे तर कुठे?

रबर बँडने पंख बांधणे हा गरिबीचा उपाय आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. धडातून आरपार गेलेल्या लाकडी खुंट्यांवर दहा-बारा रुंद बँड ताणले तर पंख उड्डाणात हलत नाहीत. पण पंख झाडाला आपटला तर ते बँड सरकतात, पंख मोकळा होऊन बाजूला पडतो आणि धडही वाचते आणि पंखही. आधीचे बँड समांतर घालावेत, शेवटचे दोन फुलीसारखे. पंख स्क्रूने बसणार असेल तर स्क्रू नायलॉनचे वापरतात ते याच कारणासाठी. आपटल्यावर दहा रुपयांचा स्क्रू तुटतो, महिनाभराची मेहनत नाही. उन्हाने भेगा पडलेले किंवा तेलकट झालेले बँड मात्र फेकून द्यावेत.

सगळे बसले की परीक्षा घ्यावी. बॅटरीसकट तयार मॉडेल दोघांनी पंखांच्या दोन टोकांना बोटांनी धरून हलकेच उचलावे. हवेतला भार पंखभर पसरलेला असतो, इथे तो केवळ टोकांवर येतो. त्यामुळे मधल्या सांध्यावर सरळ उड्डाणातल्यापेक्षा सुमारे दुप्पट ताण पडतो. साठ अंशांच्या वळणातला ताण जवळजवळ एवढाच. सांधा करकरला किंवा पंख वेडावाकडा वाकला तर ते घरात कळलेले बरे. मॉडेलच्या नकाशात या परीक्षेला मनाई असेल तर अर्थात ती करू नये.

दोन गोष्टी उरतात. पंखांच्या मागच्या कडेला हलणारी पट्टी असते, ती आयलरॉन. तिची तार पंख बसवताना पुन्हा जोडावी लागते आणि तेव्हाच उलटसुलट होते. आधी पंखा काढून ठेवावा, मग बॅटरी जोडावी. दांडी उजवीकडे नेली की उजवी पट्टी वर गेली पाहिजे. ती खाली गेली तर विमान हवेत सांगाल त्याच्या उलट वागेल. दुसरी गोष्ट तोलाची. पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव भागावर खालून दोन बोटे टेकवली, की बहुतेक शिकाऊ मॉडेले आडवी तोलून राहतात. नाक वर जात असेल तर बॅटरी पुढे सरकवावी.

आणि मैदान? बेंगळुरूत विमानतळ आणि हवाई दलाचा तळ वस्तीला लागून आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५ किलोपर्यंतची मॉडेल विमाने नजरेच्या टप्प्यातच उडवण्याची अट घातली. विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांची मर्यादा ठेवली, त्याहून जवळ परवानगीची. उडवण्याआधी सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशा आणि चालू नियम पालकांनी स्वतः पाहावेत. सोसायटीचे आवार किंवा गर्दीची बाग ही जागा कधीच नव्हे.

पंख बसवण्याआधी एखादा रविवार मुलांना घेऊन जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या एचएएलच्या संग्रहालयात घालवावा. २००१ पासून ते खुले आहे आणि तिथे एचटी-२ ठेवलेले आहे. सुमारे ३५ फूट पसाऱ्याचे ते विमान मुले समोरून बघतील, पंख्याजवळ घुटमळतील. त्यांना हळूच बाजूला न्यावे आणि पंख जिथे धडाला मिळतो ती जागा दाखवावी. घरी आल्यावर सुतळी कोणी आणायची, हे सांगावे लागणार नाही.